माणसं पुढं, डोंगर मागं

आमच्या घरातल्या निसर्गाच्या फोटोंत निसर्ग कायम मागं उभा असे. ठोसेघरचा धबधबा आमच्या अल्बममध्ये आहे, पण तो थोरल्या काकूंच्या डाव्या खांद्यावरून खाली येतो. कासचा तलाव आहे, पण सतरंजी, पितळी डबा आणि वाती लावलेला स्टोव्ह यांच्या पलीकडं राहिलेली एक पांढरी रेघ एवढाच. महाबळेश्वरला आर्थर सीटवरून दिसणारी दरी ओळीनं उभ्या केलेल्या आम्हा भावंडांनी पूर्ण झाकून टाकली आहे. माकडटोपी घातलेल्या दोघांच्या मधून थोडं धुकं दिसतं, त्यावरून मागं दरी असणार हे ओळखायचं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत साताऱ्याच्या एकाच वाड्यात वाढलेली आम्ही चुलत-आते भावंडं. पुढं कुणी पुण्याला गेलं, कुणी मुंबईला, एक जण पार न्यू जर्सीला. पण गणपतीत जेवढे जमतात तेवढ्यांसमोर अल्बम निघतोच, आणि निघाला की जुनाच वाद सुरू होतो. हा फोटो कुणाचा? धबधब्याचा की काकूंचा? वाद हसतखेळत चालतो, पण कुठल्याही फोटोला विचारावा असाच हा प्रश्न आहे. बघणाऱ्याची नजर आधी कुठं जाते आणि शेवटी कुठं थांबते, हे ठरवता आलं तर चित्र जमलं. आमच्या पिढीला हे पुस्तकातून कळलं नाही. एक कॅमेरा, एक स्टुडिओ आणि घरातली भांडणं एवढ्यावर आमचं शिक्षण झालं.

कॅमेरा होता अग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीनं भारतातच बनवलेला, काळा, हलका, हातात घेतल्यावर खेळण्यातला वाटावा असा. मालकी थोरल्या काकांची, म्हणजे नानांची. तो गोदरेजच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी असायचा आणि सणासुदीला किंवा सहलीलाच बाहेर यायचा. त्यात १२० चा रोल बसे. बारा फोटो निघत आणि प्रत्येक फोटो चौरस. फोकस करायची सोयच नव्हती. ऊन आहे की ढगाळ, एवढं सांगितलं की बाकीचं कॅमेऱ्यानं बघायचं.

रोल विकत आणा, धुवायला टाका, मग छापून घ्या. तिन्ही वेळा खिशात हात जाई. त्या बारांतला एक फोटो सोनकीच्या फुलावर घालवायचा म्हणजे उधळपट्टी होती. आजीचं म्हणणं ठरलेलं. "झाडं काय पळून चाललीयत? माणसांचे काढा." यावर बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण म्हणणं खरंच होतं. पुढच्या पावसाळ्यात धबधबा तिथंच असणार होता. घरातली सगळी माणसं असतीलच असं नव्हतं.

त्यामुळं नानांची पद्धत सगळ्यांना सामावून घ्यायची. "मागं सरा. अजून मागं. बेबी, तू मधे ये. आत्याला पुढं घ्या." सगळे मागं सरले, तरी कुणीतरी बाहेर राहायचंच. मग नाना स्वतः मागं सरत. चपलांपासून आभाळापर्यंत सगळं आत आलं की त्यांचं समाधान होई. फोटो छापून आला की त्यात सगळं असे आणि कशावरच नजर ठरत नसे. पायाजवळचं गवत, माणसं, डोंगर, ढग, सगळ्यांना सारखाच मान. एकत्र कुटुंबाला शोभणारी ही न्यायबुद्धी होती. चित्राला मात्र ती मानवत नाही.

त्यातून क्लिक थ्रीची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. आपण वरच्या खिडकीतून बघायचं, चित्र खालच्या भिंगातून उमटायचं. लांबच्या डोंगराला त्यानं फरक पडत नाही, जवळच्या वस्तूला पडतो. म्हणून जवळून काढलेल्या फोटोंत उंच माणसांची डोकी भादरली जायची आणि जमिनीवरचं काहीतरी आगंतुक आत यायचं. दोन फुटांवरचं फूल तर धूसरच यायचं, कारण एवढ्या जवळचं त्या भिंगाला दिसतच नसे. फूल नीट हवं तर पाच-सहा पावलं लांब उभं राहायचं आणि चौकटीच्या मधोमध एक पिवळा ठिपका घेऊन घरी यायचं. तोही पिवळा नव्हेच, करडा. रोल बहुतेक वेळा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' असे, कृष्णधवल.

या कृष्णधवल रोलनं नकळत एक धडा दिला. डोळ्यांना हिरव्या पानांत लालबुंद फूल उठून दिसतं. फोटोत लाल आणि हिरवा दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगात उतरतात आणि फूल पानांत हरवतं. जास्वंदीचे आमचे कित्येक फोटो असे हरवले आहेत. पण तेच फूल सकाळच्या तिरप्या उन्हात आणि मागचं कुंपण सावलीत असलं, की फूल पुढं यायचं. नजर आधी उजेडाकडं जाते, मग स्पष्ट कडेकडं, आणि चौकटीत कुठंही माणसाचा चेहरा असला तर तिकडं जातेच जाते. धबधब्यासमोर काकू उभ्या असताना धबधब्याला न्याय मिळणं शक्यच नव्हतं.

रोल धुवायला साताऱ्याच्या राजपथावरच्या एका स्टुडिओत जायचा. स्टुडिओवाले गृहस्थ अबोल, पण मुलांना डार्करूममध्ये उभं राहू देणारे. चौरस निगेटिव्हवरून आठ बाय दहाचा फोटो मोठा करायचा, तर कागद आयताकृती, म्हणजे चित्राचा पाचवा हिस्सा जाणारच. ते विचारत, "वरनं कापू का खालनं?" आभाळ ठेवायचं की जमीन? हे ठरवायला आधी फोटो कशाचा आहे हे ठरवावं लागतं. कुणीही न शिकवता मिळालेला कापण्याचा हा आमचा पहिला धडा.

ठोसेघरच्या फोटोला पहिली कात्री लागली ती तिथंच, आमच्यातल्या बेबीताईच्या हट्टापायी. लाल दिव्याखाली एन्लार्जरचं डोकं वर वर गेलं, पाटावर पडलेली प्रतिमा पसरत गेली. स्टुडिओवाल्यांनी पाटाच्या पट्ट्या एकेक करून आत सरकवल्या. आधी डावीकडचं झुडूप गेलं, मग खालची पायवाट, मग डबा, मग काकू. कड्याचा काळा दगड आणि त्यावरून उतरणारी पाण्याची पांढरी धार एवढंच उरलं. तेच निगेटिव्ह, तोच क्षण, पण आता फोटो धबधब्याचा होता. कागद डेव्हलपरमध्ये बुडाला, चित्र उमटलं, हायपोमध्ये गेलं, आणि ताई ते ओलं चित्र सांभाळत घरी आली.

घरात गहजब झाला. "काकूंना कापलं?" जित्या माणसाला फोटोतून कापणं अशुभ, हे आजीचं मत. कापल्या गेलेल्या काकू मात्र म्हणाल्या, "बरं झालं बाई, त्यात माझे डोळेच मिटलेले होते." शेवटी तडजोड झाली. एक प्रत काकूंसकट अल्बममध्ये आणि एक प्रत बिनकाकूंची, माजघरातल्या भिंतीवर. त्या भिंतीवर देव आणि पूर्वज सोडून तिसरं काही लागण्याची ती पहिलीच वेळ.

मग आम्हाला कापायचं वेडच लागलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे दोन काटकोन कापायचे आणि ते फोटोवर उलटसुलट ठेवून सरकवायचे. मधे राहील ती चौकट. फोटोला धक्का न लावता हव्या तेवढ्या चौकटी करून बघता येतात. पावसाळ्यातल्या दुपारी ओसरीवर हा खेळ चाले. एकाच फोटोतून दादा अजिंक्यताऱ्याचा बुरूज काढून दाखवायचा, ताई बुरुजावर बसलेली घार, आणि धाकटी आत्या स्वतःच्या साडीचा काठ. कडेला डोकावणारी अर्धी फांदी, कोपऱ्यातला उजळ दगड, कुणाचा तरी सुटा हात अशा गोष्टी नजरेला बाहेर ओढतात, हे या खेळात समजलं. तेव्हापासून फोटो बघताना आम्ही आधी चारही कडा बघतो, मग मधलं.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बापूनं, म्हणजे आमच्या आतेभावानं, जुना रशियन झेनिट मिळवला. ३५ मिलिमीटरची फिल्म, भिंग बदलता येणारा कॅमेरा, त्यावर ५८ मिलिमीटरचं हेलिऑस. भिंगातूनच बघायचं, त्यामुळं दिसतं तेच उमटणार अशी आमची समजूत होती. पण झेनिटची खिडकी चित्राचा मधलाच भाग दाखवायची, फिल्मवर त्याहून बरंच जास्त यायचं. आपण निवडून घेतलेल्या चौकटीच्या बाहेरचे पाहुणे छापून आल्यावर हजर. म्हणजे नवा कॅमेरा आला तरी कात्री काही सुटली नाही.

त्याच सुमाराला कासच्या पठारानं आम्हाला हैराण केलं. तेव्हा कासला जायचं ते तलावासाठी. साताऱ्याला पाणी देणारा तलाव, यवतेश्वरावरून जाणारा रस्ता, काठावर डबा खायचा आणि परतायचं. पठारावर फुलं असत, पण ती बघायला मुद्दाम जाणारे थोडेच. जांभ्याचा सडा, त्यावर मातीचा पातळ थर, आणि पावसाळा ओसरता ओसरता त्यावर फुलांचे लोंढे. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे पट्टे. फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती तिथं सांगितल्या जातात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कासचं नाव आलं आणि मग सगळा देश तिकडं वळला. आता ठरलेलं शुल्क भरून, ठरलेल्या संख्येतच आत जाता येतं.

पण फोटोत कास सपाट यायचं. नजर पोहोचेल तिथवर फुलं, आणि छापून आल्यावर रंगीत ठिपक्यांचं कापड. सगळीकडंच बघण्यासारखं आहे म्हटल्यावर नजर कुठंच थांबत नाही. काटकोन लावून कितीही कापलं तरी मोठ्या कापडातून छोटं कापड निघायचं. तोड काढली ताईनं. ती म्हणाली, "फुलांचा फोटो काढूच नका. फुलांत जे फूल नाही ते शोधा." आणि खरंच, तेरड्याच्या गुलाबीत उघडा पडलेला जांभ्याचा काळा खडक, सड्यावरच्या डबक्यात पडलेलं ढगाचं प्रतिबिंब, सोनकीच्या पिवळ्यातून म्हशींमागं चाललेली इरलं पांघरलेली बाई, असं काही एक मिळालं की सगळं पठार त्याच्याभोवती जागेवर बसायचं. फुलांचा गालिचा हा आधार, आणि वेगळं ते एक हा थांबा.

ते एक कुठं ठेवायचं? क्लिक थ्रीच्या चौरसात सगळं मधोमध शोभायचं. झेनिटच्या आडव्या चौकटीत मधोमध ठेवलेलं बिचारं अवघडून उभं राहिल्यागत दिसायचं. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे आणि महत्त्वाचं ते रेघांच्या छेदाजवळ ठेवायचं, हा नियम बापूनं कुठल्याशा मासिकात वाचला. नियमाचं मूळ जुनं आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं १७९७ मध्ये निसर्गदृश्यांवरच्या पुस्तकात तीन हिश्श्यांचा विचार मांडला होता, म्हणजे कॅमेरा जन्माला येण्याच्याही आधी. आज प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर त्या रेघा मागता येतात. पण नियमापेक्षा आम्हाला दिशा महत्त्वाची वाटली. पक्षी उजवीकडं बघत असेल तर उजवीकडं जागा ठेवायची. चालणाऱ्या बाईच्या पाठीशी कमी, पुढ्यात जास्त. क्षितिज मात्र सरळ हवं. तलावाचं पाणी एका बाजूला सांडायला लागलं की मग बाकी काही बघवत नाही.

बापूचं आणि ताईचं खरं भांडण जुंपलं ते कापावं की कापू नये यावरून. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा थोर फ्रेंच छायाचित्रकार फोटो कापू देत नसे, चौकट जागेवरच पक्की करत असे, हे वाचल्यापासून बापूनं कात्रीवर बहिष्कार टाकला. ताईनं वाचनालय धुंडाळून उत्तर आणलं. त्याच ब्रेसाँचा १९३२ चा, पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागं डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा जगप्रसिद्ध फोटो कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढावा लागला, म्हणून एका बाजूनं फळी आत आली होती. बापू म्हणाला, "नाइलाज होता त्याचा." ताई म्हणाली, "आमचाही नाइलाजच असतो. आमच्यासमोर काकू असतात."

पुढं बापू स्लाइडकडं वळला. स्लाइडमध्ये कॅमेऱ्यात जे उमटलं तेच भिंतीवर पडतं, मधे स्टुडिओ नाही, पट्ट्या सरकवणारा हात नाही. फार तर स्लाइडच्या चौकटीत आतून काळी पट्टी चिकटवून एखादी कड झाकता येते. उसना प्रोजेक्टर आणून पांढऱ्या चादरीवर त्याची कासची चित्रं पडायची आणि सगळा वाडा अंधारात बसून बघायचा. स्लाइडनं त्याला जागचं हलायला शिकवलं. डावीकडं दोन पावलं टाकली की नको असलेली फांदी आपोआप बाहेर जाते, गुडघ्यावर बसलं की फुलामागचा चिखल जाऊन आभाळ येतं. हे कात्रीनं कधीच होत नाही, हे ताईलाही मान्य करावं लागलं. कापल्यानं चित्र लहान होतं, आपण उभे असतो ती जागा बदलत नाही. फूल आणि मागचा डोंगर यांचं नातं उभं राहण्याच्या जागेवर ठरतं, नंतरच्या कापण्यावर नव्हे.

कापण्याला दुसरीही मर्यादा आहे, ती आम्ही मायणीच्या तलावावर पाहिली. थंडीत तिथं बाहेरून पक्षी येतात. काठावरून काढलेल्या फोटोत पक्षी फिल्मवर जेमतेम एक मिलिमीटर उंच. छापताना तो दोन सेंटिमीटर दिसावा म्हटलं तर वीसपट मोठा करायचा. म्हणजे अख्खा फोटो ४८ बाय ७२ सेंटिमीटरचा होईल आणि त्यातला पक्ष्यापुरता तुकडा आपण घ्यायचा. पक्ष्याबरोबर फिल्मचा रवाळपणाही वीसपट होतो आणि हात हलला असेल तर तोही. आकडे बदलले, तत्त्व तेच आहे. २४ मेगापिक्सेलचा आजचा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा असतो. लांबी-रुंदी निम्मी कापली की उरतात ३००० बाय २००० बिंदू, म्हणजे चौथाई. इंचाला ३०० बिंदू धरून चांगला छापायचा तर दहा इंच लांबीचा निघतो. घरात लावायला तेवढा पुष्कळ. पण आणखी कापत गेलं की पीस जाऊन चौकोन दिसायला लागतात.

आणि फार जवळ कापलं की आणखी काही हरवतं. बेबीताईनं एकदा गेंदाचं एकच फूल राहील एवढं चित्र कापलं. फूल सुरेख आलं होतं, पण ते कासचं राहिलं नाही. कुंडीतलंही असू शकलं असतं. फुलाभोवतीचा ओला खडक आणि मागं विरघळत गेलेले पांढरे ठिपके हाच त्याचा पत्ता होता. नजर एका ठिकाणी थांबवायची हे खरं, पण ते ठिकाण कुठलं हे सांगणारं काहीतरी सोबत राहू द्यावं लागतं.

कात्रीच्या बाजूनं मात्र असा एक मुद्दा आहे, जो आमच्या तरुणपणी आम्हाला सुचला नव्हता. जवळून फोटो हवा म्हणून माणूस आत शिरतो. कासच्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका बुटाखाली सीतेच्या आसवांचा अख्खा पुंजका जातो. पूर्वी पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढायचा तर आड येणारी फांदी बांधून किंवा छाटून वाट मोकळी करत. नंतर सावली गेलेली पिल्लं उन्हात आणि शिकारी पशुपक्ष्यांच्या नजरेत पडत. आज बरेच जाणते पक्षिनिरीक्षक घरट्याचे फोटोच नकोत म्हणतात. पायवाटेवर उभं राहून लांबून फोटो घ्यावा आणि घरी बसून कापावा, याइतकं निरुपद्रवी जवळ जाणं दुसरं नाही.

आता आमची भाचरं-पुतणे मोबाइलवर बोट फिरवतात आणि काकू नाहीशा होतात. कापून नव्हे, पुसून. जिथं त्या उभ्या होत्या तिथं यंत्र स्वतःच्या मनानं पाणी आणि दगड भरतं. आमच्या पिढीला हे पटत नाही, आणि ते केवळ वयामुळं नव्हे. कापलेला फोटो सांगतो की या कडेच्या पलीकडचं मी दाखवत नाही. पुसलेला फोटो सांगतो की तिथं कुणी नव्हतंच. पहिली निवड आहे, दुसरी खोटी साक्ष आहे. नॅशनल जिओग्राफिकनं फेब्रुवारी १९८२ च्या अंकात गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसवण्यासाठी संगणकावर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि त्यावरून मोठी टीका ओढवून घेतली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेतही फोटो कापायला मुभा आहे, पण त्यात काही घालायला किंवा त्यातून काही काढायला नाही. काकूंना कापायला आजी तयार नव्हती. त्यांना पुसायला ती खासच तयार झाली नसती.

अलीकडं एका गणपतीत आम्ही ट्रंकेतली निगेटिव्ह काढली आणि स्कॅन केली. क्लिक थ्रीचं भिंग साधं होतं, पण त्याचं चौरस निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून मोठं. त्यामुळं गरिबाच्या त्या कॅमेऱ्यातही कापून मोठं करायला भरपूर जागा होती. दादाच्या नातीनं एक फोटो पडद्यावर ताणला. माणसं बाजूला सरली आणि मागचं पठार पुढं आलं. ती म्हणाली, "आजोबा, पवनचक्क्या कुठायत?" ठोसेघर-चाळकेवाडीच्या त्या माथ्यावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. तिनं तो माथा त्यांच्याशिवाय कधी पाहिलेलाच नाही. मग सगळेच ताणून बघू लागले. यवतेश्वराच्या उतारावर हॉटेलं नाहीत, तलावाच्या काठाला गाड्या नाहीत, वाड्यामागचं चिंचेचं झाड जागेवर आहे. झाडं पळून जात नाहीत असं आजी म्हणायची. चिंच गेली, त्या उताराचं मोकळेपणही गेलं. उरलं ते नानांनी सगळं आत घेतलं म्हणून, काकूंच्या खांद्यामागं.

म्हणजे एकाच निगेटिव्हमध्ये आजीला माणसं दिसली, आम्हाला धबधबा दिसला आणि या मुलीला मोकळा माथा. तिन्ही पिढ्यांच्या चौकटी वेगळ्या, आणि एकीचीही चूक नाही. नजर कुठं थांबवायची हे प्रत्येक पिढी आपापलं ठरवते. त्यामुळं कापायचं ते बेलाशक कापावं, पण पुढच्यांना वेगळं कापता यावं एवढं मागं ठेवावं. आमच्या घरात फोटो वाचले ते निगेटिव्हला कुणी कात्री लावली नाही म्हणून. ज्या घरांत निगेटिव्ह रद्दीत गेली आणि छापील फोटोच लॉकेटात, पाकिटात, फ्रेमच्या मापात कापले गेले, तिथं आता तेवढंच जग शिल्लक आहे.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अजून अशी ट्रंक आहे, त्यांना एवढंच सांगणं. पाऊस संपला की ती खाली काढा. निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर थांबू नका, फिल्म कुजायला लागली आहे आणि शेजारच्यांनाही ती नासवेल. वास येणारी वेगळी करा, बाकीची कडेला धरून कोरड्या कागदी पाकिटांत ठेवा. स्कॅन करताना चारही कडांसकट पूर्ण चौकट घ्या आणि ती तशीच जपून ठेवा. जागा, साल आणि माणसांची नावं सांगणारं कुणी घरात आहे तोवर ती लिहून घ्या. मोबाइलमधल्या फोटोंनाही हाच नियम लावा, मूळ तसंच ठेवून प्रत कापा. मग त्या प्रतीवर कात्री कशीही चालवा. काकूंची हरकत नसेल.